मालतीबाईंची टाच

मालतीबाईंचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. दूधवाल्याच्या दुधात त्या बोट बुडवून बघत. गॅसचा सिलिंडर आला की आधी तो उचलून हलवून बघत. शेजारणीने "बाई, आज साडी छान दिसते" म्हटलं तर हिला आपल्याकडून नेमकं काय हवं असेल, याचा त्या दिवसभर विचार करत. अमळनेरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन त्या सुरतेला आल्या तेव्हा त्यांना ना गुजराती येत होती ना हिंदी. समोरचा काय बोलतोय ते कळत नसे, मग त्याच्या डोळ्यांकडे आणि हातांकडे बघायचं, एवढं एकच साधन जवळ होतं. पुढे भाषा आल्या, पण बघायची सवय काही गेली नाही.

आणि ती सवय कामालाही आली होती. भेस्तानमधल्या त्यांच्या सोसायटीत एकदा वीजमीटर तपासायला म्हणून एक माणूस घरोघर फिरत होता. बाकीच्या बायांनी त्याला पाणी दिलं, चहा विचारला. मालतीबाईंनी त्याच्या पायांकडे बघितलं. सरकारी माणूस एवढे पांढरेशुभ्र बूट घालून पावसाळ्यात गल्लीत येईल कसा? त्यांनी त्याला आत घेतलं, मीटर दाखवते म्हणाल्या आणि बाहेरून कडी लावून टाकली. पोलीस आले तेव्हा त्याच्या पिशवीत दोन घरांमधल्या पितळी समया निघाल्या. तेव्हापासून सोसायटीत त्यांचा वट होता, आणि संशय हा आपला दोष नसून अंगचा गुण आहे, याबद्दल त्यांची कायमची खात्री पटली होती.

अशा बाईच्या टाचेत वैशाखातल्या एका सकाळी कळ आली.

खाटेवरून उठून त्यांनी उजवा पाय खाली टेकवला आणि टाचेत कुणी खिळा ठोकावा तसं झालं. त्या मटकन पुन्हा खाटेवर बसल्या. पाय उचलून बघितला. ना काटा, ना सूज, ना जखम. पुन्हा टेकवला, पुन्हा खिळा. भिंत धरून, चवड्यावर पाय देत त्या मोरीपर्यंत गेल्या. चहा उकळेपर्यंत कळ निम्मी झाली आणि भाकरी थापून होईपर्यंत तर जवळजवळ गेलीच. त्या पांडेसऱ्याला कामावर गेल्या, उभ्या राहून दिवसभर साड्यांच्या घड्या घातल्या. दुपारी डबा खायला बसल्या आणि उठल्या तेव्हा तो खिळा पुन्हा जागेवर होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्यांचा नवरा निंबा एका डाइंग मिलमध्ये कामाला होता. भांड्याला लागलेल्या रंगावरून कापडाचा रंग ओळखणारा हा माणूस, पण बायकोच्या चेहऱ्याचा रंग त्याला कधी ओळखता आला नाही. चहा पिता पिता तो म्हणाला, "सकायमा लंगडस, दुफारले पयस. हाई कोनतं दुखनं शे?"

सकाळी लंगडायचं आणि दुपारी पळायचं, हे कसलं दुखणं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मते बायको कामाचा कंटाळा करत होती. मालतीबाईंनी तो प्रश्न मात्र उचलून घेतला. खरंच, हे कसलं दुखणं? खऱ्या दुखण्याला वेळकाळ नसतो. ताप येतो तो दिवसभर राहतो. दाढ दुखते ती जेवताना दुखते तशी झोपतानाही दुखते. हे दुखणं मात्र बरोब्बर खाटेखाली पाय टेकवला की येतं. मग दुखणं पायात नाही. ते खाटेखालच्या जागेत आहे.

एवढं मनात आलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

ती जागा शेवटची कुणी पुसली होती? वैशाखाच्या सुरुवातीला मालतीबाई तापाने पडल्या होत्या, तेव्हा त्यांची धाकटी जाऊ छाया घरात आली होती. दोन भावांची दोन घरं, मध्ये एकच भिंत. छाया आली, तिने भांडी घासली, आणि कुणी सांगितलं नसताना खाट सरकवून खालची फरशी पुसली. खाट सरकवून! आपल्या घरातली खाट ती कधी सरकवत नाही, मालतीबाईंनी स्वतः बघितलं होतं. मग इथलीच का?

"तिनी पोछा मारा, त्यामा काय गुन्हा शे?" निंबा म्हणाला.

"कोनी सांगं तिले? मी सांगं का?" एवढंच मालतीबाई बोलल्या. पुढचं निंबाला सांगण्यात अर्थ नव्हता. तो ऐकून घेई आणि भावाला जाऊन सांगे.

छायाला हे करायचं कारणही होतं, आणि ते कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. सगळे भाऊबंद एका घरात जमतात, कुळाचा रोट म्हणजे देवीचा नैवेद्य होतो, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी घरातली बाई देवीचा पाट डोक्यावर घेऊन अनवाणी निघते. सुरतेत गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि पुढे टेम्पोने तापीवर, एवढाच फरक. सासू गेल्यापासून हा पाट मालतीबाईंच्या डोक्यावर होता. वर्षभर घड्या घालणाऱ्या, दूधवाल्याशी भांडणाऱ्या या बाईसमोर त्या एका सकाळी सगळी गल्ली वाकत असे. छाया त्यांच्या मागे आरतीचं ताट घेऊन चाले. ताट धरून चालणाऱ्या बाईच्या मनात पाटाचा विचार येत नसेल, हे मालतीबाईंना कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. आणि ज्या बाईची टाच टेकत नाही तिच्या डोक्यावर पाट देतो कोण?

एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी खाट उभी केली. खालची एक फरशी हलत होती. उलथन्याने उचकटून काढली. खाली वाळू, सिमेंटचा चुरा आणि एक वाकलेली केसांची पिन निघाली. ही पिन फरशी बसवणाऱ्या कारागिराच्या बायकोची असू शकते, आधीच्या भाडेकरणीची असू शकते, खुद्द मालतीबाईंची असू शकते, हे तुम्हाआम्हाला सुचतं. मालतीबाईंना एकच डोकं आठवलं. त्यांनी पिन चिमट्यात धरून गटारात टाकली, मिठाच्या पाण्याने जागा धुतली. हे सगळं शेजारच्या बाईने खिडकीतून बघितलं, ते मात्र त्यांच्या नजरेतून सुटलं. इतकी वर्षं सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या बाईवर कुणी नजर ठेवेल, याचा संशय त्यांना आला नाही.

त्या रात्री त्यांनी खाट दुसऱ्या भिंतीला लावली. सकाळी मोठ्या खात्रीने पाय टेकवला. खिळा.

म्हणजे आता ते जागेतून निघून पायात शिरलं होतं.

त्यांनी कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यासमोर बसून कानबाईला सांगितलं: ज्याने हे केलं त्याला माझ्यापुढे उभं कर, तोवर मी पायात काही घालणार नाही. नवस करताना कुणाला मध्ये घेतलं नाही, कुणाचा सल्ला घेतला नाही. आणि त्याच तिरीमिरीत निंबाच्या तोंडून त्यांनी दिराला, हेमराजला, निरोप धाडला की यंदा आमची कानबाई वेगळी, तुमची तुम्ही बघा. निंबा दोन दिवस घुटमळला. शेवटी मिलच्या फाटकावर त्याने भावाला हे सांगितलं आणि दोघे भाऊ तिथेच चहाच्या टपरीवर एकमेकांकडे न बघता बसून राहिले. कानबाई म्हणून पाटावर बसतो तो नारळ पिढ्यान्पिढ्यांचा, एकच. तो वेगळा करायचा म्हणजे कूळ फोडायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता नवसाचं काय झालं ते ऐका. मालतीबाईंच्या कारखान्यात घडीच्या टेबलांखाली पांढरी चादर अंथरलेली असते. साडीला डाग लागू नये म्हणून चपला दाराबाहेर. म्हणजे कामाचे सगळे तास त्या कडक लादीवर अनवाणी उभ्या असत, आणि हे वर्षानुवर्षं चाललं होतं. राहता राहिलेला वेळ तेवढा पायाला चपलेचा आधार होता, तोही त्यांनी नवसाने काढून घेतला. भाजीबाजारात अनवाणी, रिक्षास्टँडपर्यंत अनवाणी, खडीच्या रस्त्यावर अनवाणी. टाच बिघडत चालली. पूर्वी चहा होईपर्यंत जाणारी कळ आता दुपारपर्यंत जाईना. आणि जितकी कळ वाढे तितकी छायावरची खात्री पक्की होई. भिंतीपलीकडे छाया खोकली तरी मालतीबाईंना त्यात काहीतरी ऐकू येई.

वीट तापवून, तिच्यावर रुईचं पान ठेवून त्यांनी टाच शेकली. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या. गोळीने बरं वाटलं की त्या घाबरत, कारण हे बरं वाटणं कुणी मुद्दाम पाठवलं असेल तर? शेवटी निंबा त्यांना जबरदस्तीने जवळच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने एक्स-रे काढायला लावला आणि उजेडासमोर धरून म्हणाला, "टाचेचं हाड वाढलंय. हे बघा टोक."

मालतीबाईंनी बघितलं. काळ्या कागदावर एक पांढरा पाय होता आणि टाचेखाली काट्यासारखं टोक.

"हा पाय माझाच कशावरून?"

डॉक्टरने निंबाकडे बघितलं. निंबाने छताकडे. मग डॉक्टरने एका चिठ्ठीवर मोठ्या दवाखान्याच्या व्यायामविभागाचा पत्ता लिहून दिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या विभागात गायत्री नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. आईवडील वर्ध्याकडचे, जन्म सुरतेचा, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच गुजराती डोकवायची. तिने ना सुई काढली ना गोळी लिहिली. मालतीबाईंना टेबलावर झोपवून पाय हातात घेतला, टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला, आणि मालतीबाई कळवळल्या तशी म्हणाली, "मासी, सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की जीव जातो ना? मग चालता चालता कमी होतं. पुन्हा बसून उठलं की तेच."

मालतीबाई ताडकन उठून बसल्या.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला माहीत आहे."

"कसं माहीत? माझ्या घरात येऊन बघितलं का? आमच्या शेजारची कोणी आली होती का इथे? बारीक, सावळी, नाकात मोरणी?"

गायत्री त्यांच्याकडे बघत राहिली. या खुर्चीत बसून तिने बरंच काही ऐकलं होतं, पण हे नवीन होतं. मग तिने पडदा बाजूला सारला आणि बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. "मासी, ते सगळे टाचेचेच आहेत. मी काही बोलत नाही. तुम्हीच विचारा."

एवढी मोकळीक मिळाल्यावर मालतीबाई सोडतात कसल्या. त्या बाकावर जाऊन बसल्या आणि चौकशी सुरू केली. पहिला होता एक ओडिया लूम कारीगर, दिवसभर मागांच्या मधल्या गल्लीत चालणारा.

"दुखता कब है?"

"सुबह. पैर नीचे रखो तो बस, जान निकल जाती है. फिर ठीक."

"घर में भाभी है? देवरानी-जेठानी कोई?"

"मौसी, हमारे कमरे में तो सब मरद ही मरद है."

मालतीबाईंनी त्याला सोडलं आणि पलीकडच्या गुजराती शिक्षिकेकडे वळल्या. त्यांचंही तेच, सकाळचं पहिलं पाऊल. जाऊ? "मारे तो देराणीज नथी, बेन." नवरा एकुलता एक, जाऊ यायची कुठून. तिसरा एका बँकेबाहेरचा वॉचमन, बायको गावी, इथे एकटा. त्याच्या खोलीत फरशी पुसायला कुणी आलंच नव्हतं, तो स्वतःही पुसत नसावा असं त्याच्याकडे बघून वाटलं. चौथ्या बाईला जाऊ होती, पण ती भरूचला, आणि दोघींचं तर बोलणंही बंद. मालतीबाईंनी खोदून खोदून विचारलं. कुणाच्या फरशीखाली काही निघालं नव्हतं. कुणी खाट सरकवली नव्हती. सगळ्यांचा खिळा मात्र तोच, तसाच, त्याच वेळी.

मालतीबाईंनी बाकावरची माणसं बोटांवर पुन्हा मोजली. मीटरवाल्याचे बूट बघून ज्या डोक्याने हिशेब लावला होता, तेच डोकं आता दुसरा हिशेब लावत होतं, आणि तो त्यांना अजिबात आवडत नव्हता. इतक्या निरनिराळ्या माणसांवर एकटी छाया करणी करणार कशी? आणि छायाने यांच्यावर केली नसेल, तर माझ्यावरच केली कशावरून?

आत जाऊन त्या म्हणाल्या, "मग हे करतं कोण?"

"कोणी करत नाही, मासी. होतं." गायत्रीने त्यांचा तळवा उलटा करून दाखवला. "इथे टाचेपासून बोटांपर्यंत आत एक जाड पट्टा असतो. पायाची कमान त्याने धरून ठेवलेली असते. तुम्ही काम काय करता?"

"साडीची घडी. उभ्याने."

"पायात?"

"काही नाही. चादर खराब होते."

"बस. कडक लादीवर अनवाणी, दिवसभर उभं. तो पट्टा टाचेपाशी ताणून ताणून दुखावतो. रात्री झोपलं की पाऊल असं खाली लोंबतं, पट्टा आखडून बसतो. सकाळी तुम्ही सगळं वजन टाकता, आखडलेला पट्टा एकदम खेचला जातो. तो खिळा. चाललं की सैल होतो. खाट कुठेही ठेवा, पहिलं पाऊल टाकलं की तो दुखणारच." या दुखण्याचं नावही तिने सांगितलं, प्लांटर फॅशिआयटिस. मालतीबाईंनी ते नाव मनातच बाजूला ठेवलं, एवढ्या मोठ्या नावाच्या माणसावर त्या लगेच विश्वास ठेवत नसत.

"आणि ते वाढलेलं हाड?"

"ते टोक कितीतरी लोकांच्या टाचेत असतं, त्यांना पत्ताही नसतो. ते कापायचं नाही, त्याला घाबरायचं नाही."

मग तिने शिकवलं. सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी टॉवेल चवड्यात अडकवून पाऊल आपल्याकडे ओढून धरायचं, मगच खाली टेकवायचं. भिंतीला हात लावून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणायची. पाण्याची बाटली बर्फ करून तिच्यावर तळवा फिरवायचा. आणि घरातसुद्धा, मोरीतसुद्धा, मऊ तळाची चप्पल. "अनवाणी एक पाऊल नाही. आणि घाई नाही. महिने लागतात. बहुतेकांचं याने जातं, नाही गेलं तर पुढचं डॉक्टर बघतील."

"माझा नवस आहे. पायात घालायचं नाही."

गायत्री हसली नाही. "नवस तुमचा आणि देवीचा, त्यात मी कोण? मी फक्त पायाचं सांगितलं."

सुई नाही, गोळी नाही, विकायला काही काढलं नाही. घरी जाताना मालतीबाईंना वाटत राहिलं की हिचा यात फायदा काय. फायदा सापडेना, तेव्हा त्यांनी आपल्या पद्धतीने पडताळा घ्यायचं ठरवलं. एक दिवस टॉवेल ओढून उतरल्या, खिळा बोथट. दुसऱ्या दिवशी मुद्दाम न ओढता उतरल्या, खिळा पहिल्यासारखा. असं आलटून पालटून करून बघितलं आणि नाइलाजाने मान्य केलं. नवसाचाही त्यांनी देवीपुढे बसून निकाल लावला. ज्याने केलं त्याला पुढे उभं कर म्हणाले होते, ते तू केलंस. लादी पुढे उभी केलीस, माझे अनवाणी पाय पुढे उभे केलेस. नवस फिटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मऊ चपला आणल्या, आणि कारखान्यात फक्त चादरीवर वापरायचा एक वेगळा, धुतलेला जोड नेऊन ठेवला. मुकादम कुरकुरला. "डाग दिसला तर मला दाखव," मालतीबाई म्हणाल्या, आणि तो पुढच्या टेबलाकडे वळला, कारण डाग त्याच्या आधी त्यांनाच दिसला असता.

टाचेतली कळ आठवड्याआठवड्याने उतरू लागली. मनातलं मात्र उतरेना. आता त्यांना छायाची लाज वाटत होती, आणि लाज वाटण्याची त्यांना सवय नव्हती. श्रावण लागला तेव्हा त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, ठेचा केला, ताट झाकून घेतलं आणि भिंतीपलीकडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

छायाने दार अर्धंच उघडलं. "काय जोयजे, बाई?"

"काही नको. तुनाकरता भाकर लई उनी."

छायाने ताटाकडे बघितलं, मालतीबाईंच्या हातांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. मालतीबाईंनी ती नजर लगेच ओळखली. ती त्यांचीच होती. छायाने ताट घेतलं, आत नेऊन ठेवलं आणि दारात परत आली. मालतीबाईंनी टाचेचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, बाकावरच्या माणसांचं सांगितलं. छाया ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "मंग फरशी काबर उखाडी व्हती?"

फरशी का उचकटली, हे तिला मालतीबाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. शेजारणीने सांगितलेलं गल्लीभर झालं होतं. छायाला पिनेचंही ठाऊक होतं. आपण तापात पडलेल्या जावेची फरशी पुसली आणि तिने त्या फरशीखाली आपली करणी शोधली, हे ती इतके दिवस भिंतीपलीकडे गिळून बसली होती.

संध्याकाळी मालतीबाईंनी खिडकीतून बघितलं. गल्लीतल्या गाईपुढे त्यांच्या कळण्याच्या भाकरी पडल्या होत्या, आणि छाया रिकामं ताट घासत होती. त्यांना रडू आलं. टाचेने इतकं केलं तरी त्या रडल्या नव्हत्या.

दोघा भावांनी वेगळी कानबाई होऊ दिली नाही. नारळ एक आहे, तो एकाच पाटावर बसेल, असं हेमराजने सांगितलं आणि निंबाने मान डोलावली. मालतीबाई म्हणाल्या, पाट यंदा छाया घेईल. सगळ्या माना छायाकडे वळल्या. छायाने विचारलं, काबर? मालतीबाई म्हणाल्या, मना पाय. ते खरंही होतं, अनवाणी चालायची अजून सोय नव्हती. पण छायाच्या कपाळावरची आठी गेली नाही. जी बाई जन्मात कुणाला आपला वाडगा देत नाही ती आज पाट देते, तर या देण्यात काय आहे? नाही म्हणता येईना, कारण देवीला नाही म्हणत नाहीत. तिने हो म्हटलं, आणि हो म्हणतानाही ती मालतीबाईंकडेच बघत होती.

सोमवारी सकाळी थोरल्या घरात आरती झाली. गाणी म्हणत मालतीबाई बराच वेळ खाली बसल्या होत्या. ढोल वाजू लागला तेव्हा त्या भिंत धरून उठल्या, चपला घातल्या आणि दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या. बायांनी पाट उचलून छायाच्या डोक्यावर ठेवला. नवी साडी, कपाळभर हळदीकुंकू, अनवाणी पाय. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

बाहेर सडा घातला होता, रांगोळी होती. छायाने मान न हलवता डोळे खाली वळवले. आपलं पाऊल जिथे पडणार ती मालतीबाईंच्या दारातली फरशी ती बघत होती. ढोलवाल्यांना वाटलं देवी थांबली, त्यांनी ठेका वाढवला. बाया जयजयकार करू लागल्या. छाया का थांबली ते तिथे एकट्या मालतीबाईंना कळलं. पुढे पाय टाकायची भीती काय असते, ते त्यांनी रोज सकाळी खाटेवर बसून भोगलं होतं. आणि ही भीती आता त्यांनी, दुसऱ्या कुणी नाही, या बाईच्या पायात घातली होती.

त्यांनी चपला काढल्या. छायाचं पाऊल जिथे पडणार होतं तिथेच, ओल्या फरशीवर, त्यांनी आपला उजवा पाय टेकवला. बसून उठलेला पाय होता. कळ टाचेतून निघाली ती डोळ्यांत आली. त्यांनी पाय चवड्यावर घेतला नाही. सगळं वजन टाचेवर टाकून, छायाकडे बघत त्या उभ्या राहिल्या, आणि मग बाजूला सरकून त्यांनी वाट मोकळी केली.

छायाने उंबरा ओलांडला. पाट डोक्यावर सावरत ती त्यांच्या शेजारून गेली, आणि जाताना, मान न वळवता, हळूच म्हणाली, "चप्पल घाली ल्या, बाई."